दुसरा ठिपका

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ‘वाढ आणि विकास’ हा धडा मुलींना फार सोपा वाटतो. जन्माचं वजन ५ महिन्यांत दुप्पट, वर्षाला तिप्पट, २ वर्षांना चौपट. लांबी जन्मताना ५० सेंटिमीटर, वर्षाला ७५. डोक्याचा घेर ३५ वरून ४७ पर्यंत. सगळं एका दमात म्हणून दाखवतात, तोंडी परीक्षेत त्यावर गुणही मिळतात. मग मी विचारते, उपकेंद्रात बाई मूल घेऊन आली, काट्यावर ७ किलो भरलं, तर पुढे काय लिहाल? कुणी म्हणतं ठीक, कुणी म्हणतं कमी. वय किती, हे थोड्या जणींना सुचतं. मागच्या महिन्यात किती होतं, हे जवळजवळ कुणालाच नाही.

आमच्या पेशाचा शंभरेक वर्षांचा प्रवास हा त्या शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचण्याचा प्रवास आहे, असं माझं मत आहे. त्यातला बराचसा मला डहाणू भागात बघायला मिळाला. १९८३ साली एएनएम होऊन मी तिथल्या एका उपकेंद्रात रुजू झाले. शिकवायला लागले ते पुष्कळ नंतर.

इंग्रजी अमदानीत आपल्याकडे बाळ तोलायचं ते बक्षिसासाठी. १९२४ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशभर ‘बेबी वीक’ साजरे होऊ लागले. भिंतीवर तक्ते, दाईच्या अस्वच्छ हातांवर व्याख्यान आणि शेवटी गुटगुटीत बाळाला पारितोषिक. सुदृढ बालक स्पर्धा म्हणून तीच प्रथा पुढे आपल्या गावागावांत रुजली. मला त्या स्पर्धांचा राग नाही, आयांना कौतुक हवंच असतं. पण स्पर्धेतलं मूल एकदाच तोललं जायचं, आणि तेही आधीच धष्टपुष्ट असलेलं. ज्याची काळजी करायची ते मूल तिथे यायचंच नाही.

याच्या अगदी उलट काम त्याआधी सुमारे दीडशे वर्षं एका फ्रेंच गृहस्थाने करून ठेवलं होतं. माँबेयार त्याचं नाव. १७५९ साली त्याला मुलगा झाला, तेव्हापासून १७७७ पर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी त्याने त्या एकाच मुलाची उंची मोजली. ब्युफाँ या त्याच्या निसर्गशास्त्रज्ञ मित्राने ते आकडे छापले, म्हणून ते टिकले. मुलगा एकच, पण पुन्हा पुन्हा मोजलेला. त्यामुळे पहिल्या वर्षांतली झेप, मग मंदावलेला वेग आणि मिसरूड फुटताना पुन्हा घेतलेली उसळी, हे सगळं त्यात दिसतं. शंभर मुलं एकेकदा मोजून ते दिसलं नसतं.

डहाणूच्या पाड्यांवर आमची अडचण मात्र काट्याच्या आधीच सुरू व्हायची. मुलाचं वय किती? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून, आणि ग्रामपंचायत दोन टेकड्यांपलीकडे. नोंद करायला जाणार कोण? वारली घरांत जन्मवाराचं नाव ठेवण्याची रीत होती. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्री. म्हणजे वार बिनचूक माहीत, साल मात्र कुणालाच नाही. मग आम्ही सणांची उजळणी करायचो. होळीच्या आधी की नंतर? महालक्ष्मीच्या जत्रेला हा पोटात होता की कडेवर? आवणीला शेतात गेलीस तेव्हा अंगावर पीत होता का? वाघबारस झाली होती? “बाय, भात झोडून झाला आन् हा झाला,” असं उत्तर आलं की महिना सापडायचा. सालासाठी मोठी घटना लागे, १९८४ नंतर बराच काळ आम्ही “इंदिराबाई गेल्या तेव्हा केवढा होता?” असं विचारत असू. पोषणाच्या सर्वेक्षणात याला स्थानिक दिनदर्शिका म्हणतात आणि ती रीतसर शिकवतात. आम्ही ती ओटीवर बसून, घरातल्या म्हातारीशी हुज्जत घालत तयार केली. तिच्या हिशेबात आणि सुनेच्या हिशेबात एका पावसाळ्याचा फरक पडला, तर मी म्हातारीचं धरायची.

वय ठरलं की काटा. साल्टरचा गोल तबकडीचा, २५ किलोचा स्प्रिंगकाटा तुळईला दोरीने टांगायचा, तबकडी आपल्या डोळ्यांच्या पातळीला येईल इतक्याच उंचीवर. आधी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायचा. हे राहिलं तर झोळीचं वजन मुलाच्या नावावर चढतं. मग मूल उघडं करून झोळीत घालायचं. ते हातपाय झाडतं, काटा नाचतो, आई घाबरते. काटा स्थिरावेपर्यंत थांबायचं आणि १०० ग्रॅमपर्यंत वाचायचं. थांबणं हेच खरं कसब आहे. घाईत वाचलेलं वजन हे अंदाजच, फक्त दशांश चिन्ह लावलेला.

ज्याचं वय काही केल्या ठरत नसे त्याच्यासाठी एक सोपी कडी होती. आतला व्यास ४ सेंटिमीटर. मुलाच्या हातात घालून वर सरकवायची. कोपर ओलांडून दंडावर चढली तर दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी. १ ते ५ वर्षांत दंडाचा घेर फारसा बदलत नाही, म्हणून इथे वय लागत नाही. बायका हसायच्या, नर्सबाय कासार कधीपासून झाली म्हणून. पण कडी दंडावर सरसर गेली की त्यांनाही काही सांगावं लागत नसे.

आता कार्ड. डेव्हिड मॉर्ले हा इंग्रज बालरोगतज्ज्ञ १९५० च्या दशकात नायजेरियातल्या इमेसी-इले गावात काम करत होता. त्याने वजनाचा आलेख दवाखान्याच्या कपाटातून काढून आईच्या हातात दिला. खाली महिन्यांच्या चौकटी, बाजूला किलो, मधून वर जाणाऱ्या दोन रेघा म्हणजे चांगल्या वाढीचा रस्ता. दर महिन्याला एक ठिपका, आणि मागच्या ठिपक्याला जोडणारी रेघ. ठिपका रस्त्यात कुठे पडला यापेक्षा रेघ कुठे निघाली हे महत्त्वाचं. वर गेली तर बरं, सपाट झाली तर चौकशी, खाली वळली तर आजच्या आज काहीतरी करा. आईला अक्षर येत नसलं तरी रेघ वाचता येते. माझ्या हिशेबी आमच्या कामातला सगळ्यात मोठा बदल हाच. काटे काय, पुढे चांगले आलेच. कार्ड घरी गेलं म्हणजे नर्सला पुन्हा त्या घरी जाणं भाग पडलं.

योगायोग असा की महाराष्ट्रातल्या या कामाची दोन टोकं एकाच, डहाणू तालुक्यात आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, बरोबर अनुताई वाघ होत्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी नखं, नाक, केस, मग गाणी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. त्याच तालुक्यात, महामार्गाच्या बाजूला कासा. तिथल्या आरोग्य केंद्राच्या परिसरात १९७० च्या दशकात डॉ. पी. एम. शहा यांनी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना अर्धवेळ कामावर घेतलं आणि घरोघर वजन घेणं, तक्ता भरणं शिकवलं. सगळ्या मुलांमागे सारखं धावण्यापेक्षा धोक्यातलं मूल हुडका, असं त्यांचं म्हणणं: जन्मतः कमी वजनाचं, जुळ्यातलं, पोरकं, किंवा ज्याचं वजन महिनोन्‌महिने हललेलं नाही असं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी, आणि भिंतीवर आला वजनाचा तक्ता. डहाणूतल्या म्हाताऱ्या सेविकांना मी विचारलं, तर ही दोन गावं एकमेकांना जोडून त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या दृष्टीने कोसबाड म्हणजे शाळा आणि कासा म्हणजे दवाखाना.

तक्त्यावरच्या रेघा मात्र बोस्टनच्या मुलांच्या होत्या. हार्वर्डच्या त्या मापाच्या ८० टक्क्यांवर वजन असेल तर मूल ठीक, त्याखाली दर १० टक्क्यांना एक श्रेणी, पहिली ते चौथी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये विभागणी केली होती. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या मुलाला अंगणवाडीत दुप्पट आहार. त्यामुळे पाड्यावर ‘चौथ्यातला’ ही मुलाची ओळखच होऊन बसायची. श्रेणी लिहिणं सोपं असतं. रेघ वाचायला मागचे महिने लागतात, आणि आमच्याकडे तेच गायब असायचे. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि मिठागरांवर जायची, ती पावसाच्या तोंडाशी परत यायची. तक्त्यावर मधे पाच-सहा महिने कोरे, आणि पलीकडचा ठिपका बहुतेक वेळा अलीकडच्यापेक्षा खाली. त्यावर पावसाळा, म्हणजे घरातलं धान्य संपण्याचे दिवस. १९९२ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला बालमृत्यू झाले, मुंबईचे पत्रकार आले, मंत्री आले. ज्यांनी ते तक्ते भरले होते त्यांना त्यात अचानक असं काही वाटलं नव्हतं.

आमची मुलं मुळातच बारीक चणीची, त्यांना गोऱ्यांची मापं कशाला, हा युक्तिवाद मी बैठकांमध्ये खूप ऐकला आहे. त्याचं उत्तर एप्रिल २००६ मध्ये मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली सुमारे साडेआठ हजार मुलं अभ्यासली. आईचं दूध मिळालेली, धूम्रपान न करणाऱ्या आयांची. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीच्या सुखवस्तू घरांतली. पोटभर खाणं आणि स्वच्छ घर मिळालं तर पहिल्या ५ वर्षांत सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढतात, असं दिसलं. म्हणजे चण मुळातली नव्हे, घरातल्या डब्यातली. २००८ पासून अंगणवाड्यांत हेच तक्ते आले, मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे. कागद बदलला तशी कितीतरी मुलं एका महिन्यात एका रंगातून दुसऱ्या रंगात गेली, वजन तेच असताना.

वजनाचं इतकं झालं, विकासाचं मात्र बराच काळ कुणी बोललंच नाही. पालथं पडणं, बसतं होणं, रांगणं, धरून चालणं हे आजीला तोंडपाठ होतं; नोंदवहीत त्याला रकाना नव्हता. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन चाचणीवर आपल्या मुलांची मापं बसवली. त्यातून तयार झालेल्या श्रेणीत हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ कसोट्या आहेत. लाल कडी, घंटा, लाकडी ठोकळे, चिमटीत धरायची बारीक गोळी. नर्सला हे सगळं करायला वेळ कुठला? तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राने बडोद्याच्या त्याच मापांतून फक्त १७ कसोट्या निवडून २ वर्षांपर्यंतचा एक तक्ता काढला. मुलाच्या वयावर उभी पेन्सिल ठेवायची आणि पेन्सिलीच्या डावीकडचं काही त्याला येत नसेल तर पुढे पाठवायचं. पाच-सात मिनिटांचं काम. मी ते विद्यार्थिनींकडून ओटीवर करून घेते, टेबलावर नाही.

एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाच्या विकासाच्या ८ अवस्था पुस्तकात आहेत, जन्मापासून म्हातारपणापर्यंत, आणि मुली त्या पाठ करतात. आमच्या नोंदवह्यांमधला माणूस मात्र वेगळाच आहे. ५ वर्षांचा झाला की तो नाहीसा होतो. बाई असेल तर गरोदर राहिल्यावर परत येते. पुरुष असेल तर थेट नसबंदीच्या उद्दिष्टात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आला तेव्हा ती दरी १८ वर्षांपर्यंत थोडी बुजली. साठीच्या पुढची म्हातारी मात्र अजून कुठल्याच तक्त्यावर ठिपका नाही, आणि तिचं वजन सहा महिन्यांत ४ किलोंनी उतरलं तरी ते कुणाच्या लक्षात येत नाही. खरं तर काटा तोच चालतो, फक्त झोळी नको.

मार्च २०२१ पासून अंगणवाडीचं वजन मोबाईलमध्ये जातं. ॲप स्वतःच ठिपका देतं, रंग सांगतं, आणि भट्टीवर गेलेल्या कुटुंबाची नोंद तिथल्या अंगणवाडीला दिसू शकते. कागदाला हे कधीच जमलं नसतं, त्यामुळे मी त्याविरुद्ध नाही. पण माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या पानांवर वाढीचे तक्ते छापलेले असतात, आणि हल्ली मी घरी जाऊन ते उघडते तेव्हा बहुतेक कोरे असतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, ॲप भरायलाच वेळ पुरत नाही, वर कार्ड कधी भरू?” तिचं खोटं नाही. मी तिला एवढंच म्हटलं की कार्डावर ठिपका द्यायला रेंज लागत नाही, आणि तुझ्या निम्म्या पाड्यांवर ती नसतेच.