कपाळावरची रेघ आणि हृदयरोगाचें भाकीत

सटवाई बालकाच्या कपाळीं त्याचें आयुष्य लिहून जाते आणि तें कोणास पुसतां येत नाहीं, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. हृदयरोगापुरतें बोलावयाचें तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य वैद्यकहि याहून फार निराळें सांगत नव्हतें. वयाबरोबर रक्ताचा दाब चढावयाचाच, असें अनेक नामांकित डॉक्टर मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब वर्षानुवर्षें चढत होता. तो उतरविण्याचें खात्रीचें औषध कोणाजवळ नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें ते निवर्तले.

पुढें तीनच वर्षांनीं, १९४८ सालीं, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील फ्रेमिंगहॅम या गांवीं एका दीर्घ व्रतास आरंभ झाला. तेथील ५,२०९ स्त्रीपुरुष दर दोन वर्षांनीं स्वतःस तपासून घेण्यास सिद्ध झाले. त्यांतील बहुतेक धडधाकट होते. दाब मोजावयाचा, रक्त तपासावयाचें, धूम्रपानाची चौकशी करावयाची आणि मग कोणास रोग जडतो याची वाट पाहावयाची, एवढेंच काम. १९६१ सालीं कॅनेल, डॉबर व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, रोग प्रकट होण्यापूर्वींच वाढलेला दाब व वाढलेलें कोलेस्टेरॉल त्याची वर्दी देतात. १९९८ सालीं वय, लिंग, दाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह व धूम्रपान यांचे गुण मांडून पुढील दहा वर्षांतील संभव सांगणारें कोष्टक प्रसिद्ध झालें.

परंतु या आंकड्याचा अर्थ नीट ध्यानीं घेतला पाहिजे. कोष्टक ‘शंभरांत वीस’ म्हणतें, म्हणजे तशा शंभर माणसांपैकीं सुमारें वीस जणांस रोग होईल; ते वीस कोण, हें त्यास सांगतां येत नाहीं. शिवाय फ्रेमिंगहॅमचीं तीं माणसें बहुतेक गौरवर्णीय होतीं. ब्रिटनमधील भारतीय वंशाच्या लोकांस तेंच माप लावलें, तेव्हां त्यांची जोखीम वास्तवाहून कमी दिसली. २००८ सालच्या तेथील नव्या कोष्टकांत वंशाचाहि विचार झाला, तो यासाठींच. परक्या मापानें आपण निश्चिंत होऊं नये, हें आम्हीं वाचकांस आवर्जून सांगतों.

तरीहि या भाकितांत व जातकांत मोठा भेद आहे. जातकांतील ग्रह कोणास हालवितां येत नाहींत. दाब मात्र उतरवितां येतो, सिगारेट टाकतां येते, आणि मग आंकडाहि बदलतो. भाकीत वर्तवावयाचें तें खोटें पाडण्यासाठीं, ही दृष्टि फ्रेमिंगहॅमच्या सामान्य गृहस्थांनीं व गृहिणींनीं जगास दिली. त्यांतील अनेकांस स्वतः तिचा लाभ मिळाला नाहीं. पण १९७१ सालापासून त्यांच्या मुलांनीं तोच वसा पुढें चालविला.