दाभोळच्या जेटीवर पगाराचं गणित

परवाच्या वीकेंडला दाभोळला जाऊन आलो. मावशीचं घर आहे तिथे. धोपाव्याला जाणारी फेरीबोट नुकतीच सुटलेली, पुढची यायला वेळ होता, म्हणून मी आणि मावसभाऊ जेटीवर टेकलो. हा मावसभाऊ वय वर्षे एकोणीस, गावच्या संघाचा डावा कोपरारक्षक. पकड लोखंडी, अभ्यास यथातथा :-) त्याने थेट मुद्द्याला हात घातला.

"दादा, पुण्याने शादलूला सोडलाच कसा? त्याच्याबरोबर चॅम्पियन झाले ना?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला बसलो तर दोन फेऱ्या निघून गेल्या. तेच उत्तर जरा नीट करून इथे लिहितोय. कबड्डी न बघणाऱ्यांनीही वाचा, कारण मुद्दा कबड्डीपुरता नाही.

टोपी आली कुठून?

संघाच्या एकूण पगारावर मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, ही कल्पना आपल्याकडे अमेरिकेतल्या बास्केटबॉलवरून ओळखीची झाली. एनबीएने १९८४-८५ च्या हंगामात ती आणली तेव्हा मर्यादा होती ३६ लाख डॉलर. २०२५-२६ ला ती साडेपंधरा कोटी डॉलरच्या आसपास पोचली. हेतू सोपा होता. सगळ्यात श्रीमंत मालकाने सगळे चांगले खेळाडू उचलून नेऊ नयेत, आणि मालकांनी एकमेकांच्या चढाओढीत स्वतःचं दिवाळं काढू नये. दुसरा हेतू जाहीरपणे कमी बोलला जातो, पण तोच जास्त खरा आहे!

एनबीएची टोपी मात्र 'मऊ' आहे. आपला जुना खेळाडू ठेवायला मर्यादा ओलांडता येते, पण मग कर भरा, आणि फारच वर गेलात तर व्यवहार करायचे हातपाय बांधून घ्या. बोस्टन सेल्टिक्स २०२४ ला विजेते झाले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी त्याच संघातले ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस पाठवून दिले. खेळ बिघडला म्हणून नव्हे, बिल परवडेना म्हणून. त्याच उन्हाळ्यात मिलवॉकीने जखमी डेमियन लिलार्डला मुक्त केलं आणि त्याचे उरलेले सुमारे ११ कोटी डॉलर पाच वर्षांत विभागून भरायचं ठरवलं. माणूस दुसरीकडे खेळणार आणि त्याचा पगार दरवर्षी यांच्या टोपीखाली जागा अडवणार. आपल्या भाषेत टेक्निकल डेट म्हणतात ती हीच.

आपल्याकडे

भारतात हा खेळ बहुतेकांना कळला तो २००८ च्या आयपीएल लिलावात. प्रत्येक संघाला ५० लाख डॉलर, शिवाय काही संघांना एक 'आयकॉन' खेळाडू. आयकॉनला त्या संघातल्या सगळ्यात महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे. मुंबईने जयसूर्याला ९ लाख ७५ हजार डॉलरला घेतलं, त्यामुळे सचिनची किंमत आपोआप ११ लाख २१ हजार अडीचशे डॉलर झाली. म्हणजे जयसूर्यावर लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरला मुंबईच्या पर्समधून आणखी एकशे पंधरा जात होते. हैदराबादच्या लक्ष्मणने हे गणित ओळखून आयकॉनपद नाकारलं, जेणेकरून संघाला लिलावात खर्चायला जास्त पैसे उरतील. मला वाटतं, भारतीय खेळाच्या इतिहासात पगाराच्या मर्यादेचा विचार करून स्वतःचा तोटा पत्करणारा तो पहिला मोठा खेळाडू असावा.

कबड्डीत पैसा आला २०१४ ला. त्याआधी महाराष्ट्रातल्या चांगल्या कबड्डीपटूचा 'पगार' म्हणजे नोकरी. बँक, रेल्वे, पोलीस, तेल कंपनी. खेळात नाव काढायचं ते खेळाडूंच्या कोट्यातून चिकटण्यासाठी. प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग ठरला राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. आज आयटीतला चार-पाच वर्षं अनुभवाचा माणूस तेवढ्यावर नाक मुरडेल. नंतरची चढण बघा :

२०१७ : नितीन तोमर, ९३ लाख.
२०१८ : मोनू गोयत, १ कोटी ५१ लाख.
२०२१ : परदीप नरवाल, १ कोटी ६५ लाख.
२०२२ : पवन सेहरावत, २ कोटी २६ लाख.
२०२३ : पुन्हा पवन, २ कोटी ६० लाखांच्या वर.

आता दुसरा आकडा बघा, जो बातमीच्या मथळ्यात येत नाही. २०१८ ला संघाची पर्स होती ४ कोटी, २०२३ ला ५ कोटी. म्हणजे पाच वर्षांत पर्स सव्वापट झाली आणि सगळ्यात महाग खेळाडू जवळजवळ पावणेदोनपट. ही टोपी 'कडक' आहे, मऊ नाही. वरचा माणूस जेवढा फुगला, तेवढे खालचे आकसले.

सुट्टीतला खरा सामना

कबड्डीत ऑफ-सीझन म्हणजे तीन निर्णय. कोणाला ठेवायचं (रिटेन), कोणाला सोडायचं, आणि सोडलेल्याला लिलावात दुसऱ्याने लावलेल्या शेवटच्या बोलीएवढी रक्कम देऊन परत आणायचं का. या शेवटच्या हुकमाला फायनल बिड मॅच म्हणतात. संघात साधारण १८ ते २५ जण लागतात.

कॉलेजात ज्यांनी अल्गोरिदमचा पेपर दिलाय त्यांना नॅपसॅक प्रॉब्लेम आठवेल : पिशवीला वजनाची मर्यादा, प्रत्येक वस्तूला वजन आणि किंमत, जास्तीत जास्त किंमत भरा. लिलाव हाच प्रश्न आहे, फक्त तीन भानगडी जास्त. वस्तूचं वजन समोरचा संघ ठरवतो, किंमत पुढच्या चार महिन्यांत कळते, आणि एखादी वस्तू पहिल्याच दिवशी गुडघा मुरगळून बसते.

तिसरी भानगड गंमत म्हणून लिहिलेली नाही. २०२२ ला तमिळ थलायवाजने अर्ध्याहून जास्त पर्स एकट्या पवनवर लावली आणि ऑक्टोबरात पहिल्याच सामन्यात तो जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. लिलाव कधीच संपला होता, त्या ताकदीचा दुसरा रेडर बाजारात नव्हता. वाचवलं कोणी? नरेंदर नावाच्या नवख्या पोराने. पहिल्याच हंगामात दोनशेहून जास्त रेड पॉइंट, आणि थलायवाज प्रथमच उपांत्य फेरीत.

हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने २०१८ ला ३६ लाख ४० हजारांत घेतलं, त्याने हंगाम गाजवला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने बोली लावली १ कोटी ४५ लाख, जवळजवळ चौपट. मुंबईने तेवढे मोजले नाहीत. शिव्या खाल्ल्या. हंगामाअखेर मुंबई उपांत्य फेरीत, टायटन्स बारा संघांत अकरावे. पाटण्याने २०२१ ला खुद्द परदीप नरवालला सोडलं. यूपी योद्धाने त्याला उचललं, आणि उपांत्य सामन्यात पाटण्याने त्याच यूपीला हरवून अंतिम फेरी गाठली. यात परदीप किंवा सिद्धार्थ वाईट खेळाडू होते असं अजिबात नाही. दीड कोटीच्या माणसाशेजारी उभे राहणारे सहा जण उरलेल्या पैशात आणायचे असतात, एवढंच.

मग महाग खेळाडू घेऊच नये का? इथेच पुण्याची गोष्ट येते. २०२३ च्या लिलावात दोन मोठ्या बोली झाल्या. टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाखांवर घेतलं, पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांत. दोघांनीही साधारण निम्मी पर्स एका माणसावर लावली. टायटन्स २२ पैकी दोन सामने जिंकून तळाला गेले. पुणे १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा विजेतं झालं. सारखाच सट्टा, निकाल दोन टोकांचे!

फरक त्या लिलावात नव्हताच, त्याच्या आधीच्या दोन-तीन सुट्ट्यांमध्ये होता. पुण्याने नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशी पोरं नवखी असताना उचलली, सांभाळली, हरतानाही खेळवली. नवख्या खेळाडूंचे दर ठरलेले आणि कमी असतात. २०२३ येईपर्यंत पुण्याकडे बाजारात महाग ठरला असता असा गाभा स्वस्तात तयार होता, म्हणून उरलेली रक्कम एका शादलूवर उधळणं परवडलं. बाकीचं घर बांधून झालं असेल तर झुंबर घ्यावं. पवनचं झुंबर छपराआधी आलं.

आणि मग मावसभावाचा प्रश्न. पोरं मोठी झाली की त्यांचे दरही मोठे होतात. स्वस्ताईची खिडकी बंद होते. सगळ्यांना ठेवणं जमत नाही. पुण्याने शादलूला जाऊ दिलं, हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांत घेतलं आणि डिसेंबर २०२४ ला हरियाणा विजेतं झालं, तेही पुण्यात, बालेवाडीला! त्या हंगामात पुणे बाद फेरीतही नव्हतं. म्हणून निर्णय चुकला का? पुढच्या वर्षी, २०२५ ला, पुणे त्याच अस्लमच्या पिढीला घेऊन पुन्हा अंतिम फेरीत पोचलं आणि दिल्लीकडून थोडक्यात हरलं. एका हंगामाचा हिशोब आणि पाच हंगामांचा हिशोब वेगळा निघतो.

खाडीपलीकडे

इथवर बोलणं झालं तेव्हा मावसभावाने खाडीपलीकडे बोट केलं. "आणि तो?"

पलीकडे, वाशिष्ठीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला तो वीजप्रकल्प आहे, ज्याला जग 'दाभोळ' म्हणून ओळखतं. प्रकल्प खाडीच्या त्या तीरावर, बदनामी या तीरावर. एन्रॉन बंद पडलं तेव्हा मी तीन-चार वर्षांचा होतो, त्यामुळे हे सगळं वाचून कळलेलं.

डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. त्यातली मेख अशी : वीज घ्या किंवा नका घेऊ, प्रकल्प तयार उभा असेल तर त्याच्या क्षमतेचे पैसे द्यायचेच. बेंचवर बसवलेल्या खेळाडूचा पूर्ण पगार! त्यातला बराच हिशोब डॉलरशी बांधलेला. १९९३ ला डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ ला ४७ च्या. म्हणजे मंडळाने काहीही न करता बिल वाढत गेलं. वर राज्य सरकारची हमी आणि पहिल्या टप्प्याला केंद्राची प्रतिहमी. जागतिक बँकेने १९९३ मध्येच प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं सांगून पैसे द्यायला नकार दिला होता. स्काउटचा अहवाल टेबलावर होता, तरी बोली लागली.

१९९५ ला युती सरकारने करार रद्द केला, आणि नव्याने वाटाघाटी करून १९९६ ला प्रकल्प आणखी मोठा केला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. दाभोळची महाग वीज घ्यायची म्हणून मंडळाला स्वतःची स्वस्त केंद्रं मंद ठेवावी लागली. महाग खेळाडूला खेळवायचं म्हणून अस्लमला बाहेर बसवण्यासारखं झालं हे. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला, आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत गेली. २००५ ला सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढून तो सांगाडा पदरात घेतला.

फरक काय, तर कबड्डीच्या टेबलावर पर्सचा आकडा समोरच्या पडद्यावर दिसत असतो. संपला की हात खाली. मंडळाच्या टेबलावर असा आकडाच नव्हता, हमी होती. मालकाला वाटेल ती बोली लावता येत होती, कारण पैसे त्याच्या खिशातले नव्हते. पगाराची मर्यादा ही खेळाडूवर अन्याय करणारी गोष्ट आहे असं मी बरीच वर्षं मानत होतो. अर्धं अजूनही मानतो. पण मर्यादा नसते तेव्हा बिल कोणाकडे जातं, हे बघायला दाभोळच्या जेटीइतकी चांगली जागा नाही.

उरलेलं अर्धं

फेरीबोट लागली. गाड्या चढायला लागल्या. मावसभाऊ म्हणाला, "ते सगळं ठीक. माझ्यासारख्याला किती?"

लिलावातल्या सगळ्यात खालच्या, ड गटाची पायाभूत किंमत २०२३ पासून ९ लाख आहे. पण गटात नाव असणं म्हणजे बोली लागणं नव्हे. वरचे दोघं तीन कोटी घेऊन गेले की खालच्या पंधरा जणांची जागा उरलेल्या चिल्लरमधून भरते, आणि बरेच जण कोणी हात न उचलल्याने घरी परततात. बोली लागलीच तरी ती एका हंगामाची. पुढच्या सुट्टीत कोणाचं तरी एक्सेल त्याला 'रिलीज' रकान्यात टाकू शकतं. मी स्वतः बेंचवर चार महिने काढलेत, मला तो रकाना माहीत आहे.

मी त्याला हे सगळं सांगितलं. वाटलं, पोरगं खट्टू होणार. तर तो म्हणाला, "म्हणजे स्वस्त असतानाच घुसायचं. महाग झालो की बघू."

मी तीन तास घेतलेलं लेक्चर त्याने एका वाक्यात संपवलं होतं. पोलीस भरतीचा फॉर्म मात्र भरून ठेव, एवढं बजावून मी बोटीत चढलो. "भरलाय रे," तो जेटीवरून ओरडला.