खेळाडूचे मोल : आश्रय, नोकरी आणि लिलाव

प्रस्तावना

गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन हे गाव लोहमार्गाच्या आधारे वाढले. निजामाच्या राज्यात मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली, स्थानकाभोवती अडत दुकाने उभी राहिली आणि पुढे येथे कृषी उत्पन्न बाजार समिती आली. त्यामुळे 'लिलाव' हा शब्द येथील माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जुनी माणसे त्यालाच 'हर्रास' म्हणतात. कांद्याच्या ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात, बोली चढते, थांबते आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा आकडा काही क्षणांत ठरतो. २००८ पासून याच गावातील तरुण दरवर्षी आणखी एका लिलावाची चर्चा करू लागले. अमुक गोलंदाजाला इतके कोटी कशासाठी दिले, तमुक फलंदाजाला संघाने का सोडले, हे वाद हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी रंगतात. गंमत अशी की या वादात भाग घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याच सकाळी बाजारात स्वतःच्या मालाची बोली ऐकलेली असते.

हे वेड आयपीएलने लावले, असे सर्रास म्हटले जाते. प्रस्तुत लेखकास हे मत अपुरे वाटते. खेळाडूचे मोल किती आणि त्याने कोणत्या संघात असावे, हा वाद महाराष्ट्रात किमान सव्वाशे वर्षे जुना आहे. बदलले ते मोल ठरविणारे हात, आणि त्या मोलात कशाकशाचा समावेश होतो ही गोष्ट. या बदलाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

पुण्यातील पहिला वाद

या वादाचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे बाळू पालवणकर. धारवाडला जन्मलेला आणि पुण्यात वाढलेला हा चर्मकार समाजातील डावखुरा फिरकी गोलंदाज प्रथम मैदानावरचा नोकर होता. खेळपट्टी लाटणे, जाळी बांधणे ही त्याची कामे. पूना जिमखान्यात कॅप्टन ग्रेग यांना सरावासाठी तो तासन्‌तास गोलंदाजी करी. बाळूने आपल्याला बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एखाद्या गोलंदाजाच्या बळीला रोख भाव लावल्याची आपल्याकडील ही सर्वांत जुनी कथा म्हणावी लागेल.

पुण्यातील हिंदू संघाला युरोपियन संघाविरुद्ध जिंकायचे होते आणि बाळूखेरीज ते कठीण होते. तेव्हा त्याला संघात घ्यावे की नाही यावर सभासदांत वाद झाला. अखेरीस त्याला घेतले गेले. मात्र मैदानावर ज्या चेंडूला सर्वांचे हात लागत, तो चेंडू टाकणाऱ्याला चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. संघाला त्याचे बळी हवे होते, पण त्याची पंगत नको होती. खेळाडूचे मोल आणि माणसाचे मोल यांतील ही फारकत येथे जितकी उघडी दिसते तितकी पुढे क्वचितच दिसते.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईस आला. तेथे हिंदू जिमखान्याकडून खेळणे आणि रेल्वेची नोकरी अशी त्याची घडी बसली. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाची कामगिरी सामान्य ठरली, पण बाळूने १०० हून अधिक बळी मिळविले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याच्याकडे आले नाही. १९२० मध्ये त्याला संघातून वगळले आणि कर्णधारपदही दुसऱ्याकडे गेले, तेव्हा त्याचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून आणि सभांतून यावर चर्चा झाली. पुढे तडजोड होऊन बाळूला उपकर्णधार करण्यात आले आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला. खेळाडूंनी स्वतःचे मोल ठरविण्यासाठी खेळण्यास नकार देणे, हे हत्यार पालवणकर बंधूंनी त्या काळात वापरले, ही बाब आपल्या क्रीडा-इतिहासलेखनात जितकी ठसठशीतपणे यावयास हवी तितकी आलेली नाही.

आश्रयाकडून नोकरीकडे

कुस्तीत मोल ठरविणारा हात संस्थानिकाचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला आणि खासबाग मैदान उभारले. मल्लाचा खुराक दरबाराकडून चाले; जत्रेतील इनाम ही वरची कमाई. संस्थाने विलीन झाल्यावर हा आधार सुटला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधव यांना पैसे उभे करावे लागले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले, हे सर्वश्रुत आहे. कांस्यपदक घेऊन आलेल्या या मल्लाला १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची जागा मिळाली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाचे बाजारमूल्य म्हणजे तीन वर्षांनी मिळालेली एक नोकरी.

तथापि त्या काळी नोकरी ही लहान गोष्ट नव्हती. मुंबईत कंपन्या आणि बँका खेळाडूंना नोकरी देऊन आपले संघ बांधत. बापू नाडकर्णी एसीसीत, अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते. टाइम्स शिल्ड स्पर्धेत हे संघ एकमेकांशी भिडत. कबड्डीतही तेच घडले. रेल्वे, पोलीस, महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, बँका यांचे संघ राज्यातील स्पर्धांतून व्यावसायिक गटात खेळू लागले. कोणता चढाईपटू कोणत्या कार्यालयात चिकटला, यावर पुढच्या मोसमाचे अंदाज बांधले जात. लासूर स्टेशनसारख्या रेल्वेच्या गावात तर खेळाडू कोट्यातील रेल्वेची नोकरी हेच कबड्डीच्या सरावाचे उघड उद्दिष्ट ठरणे स्वाभाविक होते.

या व्यवस्थेत दोष होते. भाव गुप्त असे, वशिला चाले, आणि उत्तम खेळाडूला कारकुनाइतकाच पगार मिळे. पण तिचा एक गुण आज विसरला जातो : गुडघा दुखावला तरी पगार चालू राही. दुखापतीची जोखीम मालक उचलत असे.

२००८ आणि नंतर

२० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. महेंद्रसिंग धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलर्सना घेतले. सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली, राहुल द्रविड, युवराज सिंग आणि वीरेंद्र सेहवाग यांना त्यांच्या शहरांच्या संघांनी मानाचे खेळाडू म्हणून बोलीबाहेर ठेवले. हैदराबादकडून हा मान व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांना मिळणार होता. परंतु संघाला बोलीसाठी अधिक पैसे उरावेत म्हणून त्यांनी तो नाकारला. लिलावाच्या इतिहासातील पहिला त्याग लिलाव सुरू होण्याआधीच झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

भाव जाहीर झाल्याने पाठीराख्यांच्या वादाचे स्वरूप पालटले. पूर्वी प्रश्न असे 'श्रेष्ठ कोण ?', आता प्रश्न झाला 'इतक्या पैशांना परवडतो का?' संघाची थैली मर्यादित असल्याने एकावर जास्त खर्च म्हणजे दुसऱ्याला मुकणे, हा हिशेब खेडोपाडीचा मुलगाही मांडू लागला. तुळजापूरच्या राजवर्धन हंगर्गेकरला २०२२ मध्ये चेन्नईने दीड कोटींना घेतले, तेव्हा मराठवाड्यात या हिशेबाला आपुलकीचीही जोड मिळाली.

मात्र पाठीराखा केवळ हिशेबनीस नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणले आणि १५ डिसेंबरला पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केले. व्यवहाराच्या दृष्टीने यात चूक काढणे कठीण होते : रोहितचे वय वाढत होते आणि हार्दिकने गुजरातला पहिल्याच हंगामात विजेतेपद दिले होते. पण २०२४ च्या हंगामात वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी आपल्या कर्णधाराची हुर्यो उडविली, आणि संघ तळाला राहिला. त्यानंतर २९ जून रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील अखेरचे षटक हार्दिकने टाकले, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. शर्माचे मोल या प्रेक्षकांनी पैशात मोजले नव्हते, तसेच पंड्याचेही नाही.

नाकारण्याचा हक्क

येथे लासूरच्या बाजाराकडे परत वळणे उपयुक्त ठरेल. बाजार समितीत भाव पटला नाही तर शेतकऱ्याला सौदा नाकारता येतो. गाडीभाडे अंगावर पडते म्हणून तो बहुधा नाकारत नाही, हे खरे. पण हक्क आहे. खेळाडूच्या लिलावात तोही नाही. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्या संघाकडे त्याने गेलेच पाहिजे. आयपीएलच्या नव्या नियमानुसार बोली लागल्यावर सबळ कारणाशिवाय माघार घेणाऱ्यावर दोन वर्षांची बंदी येते. २०२५ मध्ये इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर ती आली.

अमेरिकेतील बेसबॉलचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. तेथे करारातील राखीव कलमामुळे खेळाडू आयुष्यभर एकाच मालकाचा राही; मालक मात्र त्याला विकू शके. १९१९ च्या अखेरीस बेब रूथची बॉस्टनकडून न्यूयॉर्कला विक्री झाली, तिची चर्चा बॉस्टनचे चाहते पिढ्यान्‌पिढ्या करीत राहिले. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने फिलाडेल्फियाला जाण्यास नकार दिला आणि पुढे न्यायालयात दाद मागितली. १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. पण १९७५ मध्ये लवादाने दोन गोलंदाजांच्या बाजूने निर्णय दिला आणि करार संपलेल्या खेळाडूला आपला संघ निवडण्याचा मार्ग खुला झाला. आपल्या लिलावाने पैसा तिकडच्यासारखा आणला, निवडीचा हा हक्क मात्र आणला नाही.

कबड्डीतील चढउतार

२०१४ मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक भाव राकेश कुमारला मिळाला, १२.८० लाख रुपये. चारच वर्षांत, २०१८ मध्ये, सहा खेळाडू कोटीपार गेले. त्यांत मुंबईचा रिशांक देवाडिगा होता. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीतील सिद्धार्थ देसाईला यू मुम्बाने ३६.४ लाखांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २०० हून अधिक गुण मिळविले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले, २०२१ मध्ये १.३० कोटी. मग खांदा दुखावला, मोजकेच सामने खेळता आले, आणि २०२२ मध्ये त्याच संघाने त्याला २० लाखांत घेतले. पुन्हा सूर सापडल्यावर २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने एक कोटी दिले. एकाच माणसाच्या खांद्याचा हा पाच वर्षांचा भावफलक आहे. जुन्या व्यवस्थेत मालकाने उचललेली जोखीम येथे खेळाडूच्या अंगावर आलेली दिसते. कार्यालयातील नोकरी टिकवून लीग खेळण्याकडे अनेक कबड्डीपटूंचा कल असतो, त्याचे कारण यात शोधावे लागेल.

पुणेरी पलटणचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. मार्च २०२४ मध्ये विजेत्या ठरलेल्या या संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २.३५ कोटींना आणलेला होता, पण कर्णधार अस्लम इनामदार हा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील मुलगा युवा खेळाडू म्हणून, बोलीशिवाय, संघात आलेला होता. विजयानंतर शादलुईला सोडण्यात आले. पुढल्या हंगामात तो हरियाणाकडून खेळला आणि हरियाणा विजेते झाले. त्याला सोडणे चूक होती की थैलीच्या मर्यादेमुळे अपरिहार्य, यावर पुण्याचे पाठीराखे दोन्ही बाजूंनी बोलू शकतात, आणि दोन्ही बाजूंना आकडे आहेत.

महिलांचे चित्र वेगळे आहे. क्रिकेटमध्ये फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या महिला लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला सर्वाधिक, ३.४० कोटी, मिळाले. कबड्डीत मात्र २०१२ च्या विश्वचषक विजयानंतर दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे यांना राज्य शासनाने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. दोन वर्षांनी झालेल्या पुरुषांच्या पहिल्या लिलावातील सर्वोच्च बोलीच्या जवळपास आठपट ही रक्कम होती. तरीही प्रो कबड्डीच्या आयोजकांची महिलांसाठीची तीन संघांची स्पर्धा २०१६ नंतर पुढे चालली नाही. गावोगावच्या मैदानांवर आज सराव करणाऱ्या मुलींची विचारपूस करताना पालक बोलीचा आकडा विचारीत नाहीत. पोलीस भरती कधी निघणार आणि खेळाडूंसाठी किती जागा राखीव आहेत, एवढेच ते विचारतात.