खिशातला जेपेग २०००

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला आधार योजनेची सुरुवात झाली. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः हजर होते, गावातल्या लोकांना देशातले पहिले आधार क्रमांक मिळाले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० सप्टेंबरला, गूगलने वेबपी नावाचा एक नवा इमेज फॉरमॅट जाहीर केला. पहिली बातमी सगळ्या देशाने बघितली, दुसरी फक्त कॉम्प्युटरवाल्यांनी.

दोन्ही तारखा लागून येणं हा निव्वळ योगायोग. पण त्या शेजारी ठेवल्या की एक गंमत दिसते. आधारने चेहऱ्याच्या फोटोसाठी जो फॉरमॅट निवडला तो होता जेपेग २०००, म्हणजे वेबवर दहा वर्षं धडका मारून हरलेला फॉरमॅट. आणि वेबपी हा वेबवर पुढे जिंकणारा फॉरमॅट. हरलेला आज कोट्यवधी लोकांच्या खिशात आहे. तर मंडळी, आजचा विषय हाच, की हरणं-जिंकणं नक्की कशावर ठरलं?

आधी थोडं तंत्र. घाबरू नका, गणित नाही.

मी खडवलीला राहतो, म्हणून उदाहरण इथलंच घेतो. भातसा नदीच्या काठावर उभं राहून फोटो काढला, वर सपाट आकाश, खाली गोटे आणि पाण्याचे तरंग. आपला नेहमीचा जेपेग (१९९२ चं मानक) या फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्यांना न जाणवणारे बारकावे फेकून देतो. थोडं दाबलं तर कळत पण नाही. फार दाबलं की आकाशात फरशा बसवल्यासारखे चौकोन दिसायला लागतात. व्हॉट्सॅपवर दहा वेळा फिरून आलेला गुड मॉर्निंगचा फोटो आठवा, तेच ते.

जेपेग २००० चा पहिला भाग २००० सालच्या शेवटी मानक म्हणून आला. तो चौकोन पाडून हिशेब करत नाही. अख्ख्या चित्राची निम्म्या आकाराची आवृत्ती काढतो, उरलेले बारकावे बाजूला लिहून ठेवतो, मग त्या निम्म्याचं निम्मं, असं करत जातो. याला वेव्हलेट म्हणतात. याचा फायदा म्हणजे एकाच फाइलमध्ये लहान-मोठी सगळी चित्रं असतात. कल्याणहून कसारा लोकल पकडल्यासारखं आहे हे. शहाडला उतरलात तर अंगठ्याएवढा फोटो, टिटवाळ्याला उतरलात तर पोस्टकार्डाएवढा, शेवटपर्यंत बसलात तर पूर्ण. गाडी तीच. शिवाय फार दाबलं तर चित्र धूसर होतं, पण फरशा दिसत नाहीत.

डायल-अपच्या जमान्यात हे वरदानच वाटायला हवं होतं. पण एक साधी अडचण होती. ब्राउझरला हा फॉरमॅट उघडता येत नव्हता.

त्या काळात त्यावर ठरलेला उपाय म्हणजे प्लगइन. नेटस्केपने १९९६ च्या सुमारास ही सोय काढली. ब्राउझरला जे येत नाही ते दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला छोटा प्रोग्राम करेल, तुम्ही फक्त तो डाउनलोड करून बसवा. ऐकायला झकास! प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्टची त्याच कामाची पद्धत वेगळी, तिचं नाव अ‍ॅक्टिव्हएक्स. २००१ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररने नेटस्केपवाली प्लगइनं चालवणं बंदच केलं. म्हणजे प्लगइन लिहिणाऱ्याला दोन दोन आवृत्त्या लिहिणं आलं. आणि बसवणारा कोण? सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेला माणूस. तिथे काही इन्स्टॉल करायला कॅफेवाला देणार नाही. ऑफिसच्या मशीनवर अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत. घरच्या डायल-अपवर प्लगइन उतरायलाच इतका वेळ लागायचा, की फॉरमॅटने वाचवलेले चार केबी कुठल्या कुठे!

मग साइट बनवणारा म्हणायचा, वाचकांकडे प्लगइन नाही, मी कशाला हा फॉरमॅट वापरू? वाचक म्हणायचा, कुठल्याच साइटवर लागत नाही, मी कशाला प्लगइन बसवू? अ‍ॅपलने २००२ मध्ये क्विकटाइम ६ मध्ये जेपेग २००० घातला, नंतर सफारीनेही घेतला, पण बाकी मोठे ब्राउझर ढिम्म हलले नाहीत.

त्यांची बाजूसुद्धा ऐकायला हवी. जेपेग २००० उघडायला प्रोसेसरला जास्त मेहनत पडते, आणि नेहमीच्या दर्जाला दोन्ही फॉरमॅटमधला फरक तेवढा नजरेत भरणारा नव्हता. त्यात पेटंटची धास्ती. गिफमधल्या कॉम्प्रेशनवर युनिसिस कंपनीने १९९४ च्या शेवटी हक्क सांगितला होता, त्या रागातूनच पीएनजी जन्माला आला. २००२ मध्ये फोर्जेंट नावाच्या कंपनीने चक्क साध्या जेपेगवरच जुनं पेटंट काढून पैसे मागायला सुरुवात केली. दहा वर्षं जुन्या फॉरमॅटची ही गत, तर नव्याच्या पोटात काय दडलंय कोणी सांगावं?

हे सगळं दूरदेशीचं भांडण वाटत असेल तर आपल्या घरातलं उदाहरण बघा. ८ सप्टेंबर २००३ ला तेव्हाचे राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं पोर्टल सुरू झालं. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या दशलक्ष पुस्तकांच्या प्रकल्पाचा हा भाग. देशभर स्कॅनिंग केंद्रं निघाली, आणि स्कॅन झालेल्या पुस्तकांत मराठी पुस्तकंही भरपूर होती. बाजारात कधीच्या संपलेल्या, ग्रंथालयात कुलुपात असलेल्या चीजा!

पण पानं होती टिफ फॉरमॅटमध्ये. पुस्तकाच्या काळ्या-पांढऱ्या पानाला टिफमधलं फॅक्सचं कॉम्प्रेशन छानच बसतं, त्यात चूक काही नाही. फक्त बहुतेक ब्राउझर टिफ दाखवत नाहीत. म्हणजे आलं पुन्हा प्लगइन. ते बसवा, मग एकेक पान उघडा. विचार करा, शंभर वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक सरकारी खर्चाने स्कॅन होऊन फुकट ठेवलंय, आणि वाचक पानाच्या जागी तुटक्या चित्राची खूण बघून परत जातोय. पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये उभं कोण, तर एक छोटासा प्रोग्राम.

पुढे प्लगइन हा प्रकारच मेला. सुरक्षेची भोकं आणि सारखं क्रॅश होणं याला सगळे कंटाळले होते. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये नेटस्केपच्या पद्धतीची प्लगइनं पूर्ण बंद केली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळी काढली. फ्लॅशचे दिवस ३१ डिसेंबर २०२० ला भरले. डिजिटल लायब्ररीचं ते जुनं पोर्टलही बंद पडलं. तरी पुस्तकं वाचली, कारण त्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हने उतरवून ठेवल्या होत्या. आज तिथे त्यातलं एखादं मराठी पुस्तक उघडा, मोबाइलवर सुद्धा पानं भराभर उलटतात.

आता मजा बघा. अर्काइव्ह पानांची चित्रं साठवतं जेपेग २००० मध्ये! तुम्ही पान मागितलं की त्यांचा सर्व्हर त्यातून हवा तेवढा आकार काढतो, त्याचा साधा जेपेग करतो आणि तुमच्याकडे पाठवतो. तुम्हाला काहीच बसवावं लागत नाही. वेबवर हरलेला फॉरमॅट पडद्यामागे रोज काम करतोय.

माझ्या मते ग्यानबाची मेख इथेच आहे. कुठलाही कॉम्प्रेशन फॉरमॅट म्हणजे एक करार असतो. आम्ही फाइल लहान करून देऊ, उलगडायचं काम कोणीतरी करावं. प्लगइनच्या काळात ते काम वाचकाच्या गळ्यात मारलं गेलं, जो सगळ्यात कमी जाणतो आणि ज्याच्या हातात सगळ्यात कमी आहे. अर्काइव्हने ते स्वतःकडे घेतलं.

आधारचंही तसंच. २०१८ पासून आधारवर जो सुरक्षित क्यूआर कोड येतो, त्यात नाव-पत्त्याबरोबर फोटोसुद्धा असतो. सगळ्यात मोठ्या क्यूआर कोडमध्ये आकडेच भरले तर ७,०८९ मावतात, म्हणजे तीन हजार बाइटपण नाहीत. त्यातले २५६ बाइट डिजिटल सहीचे. उरलेल्यात नाव, पत्ता आणि चेहरा बसवायचा. साध्या जेपेगची नुसती कोष्टकं आणि हेडरच काहीशे बाइट खातात. इतक्या चिंचोळ्या जागेत जेपेग २००० शोभून दिसतो. आणि उलगडणारं अ‍ॅप कुठलं, हे ठरलेलं असल्यामुळे प्लगइनचा प्रश्नच येत नाही. सिनेमाचंही तेच. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये डिजिटल सिनेमाचं मानक ठरवलं, त्यात प्रत्येक फ्रेम जेपेग २००० ची. प्रोजेक्टरवाल्याने काय ठेवायचं ते मानकानेच सांगितलंय.

वेबपीने यातून नेमका धडा घेतला. गूगलकडे सर्व्हर होते, आणि २००८ पासून स्वतःचा ब्राउझरही. वाचकाला काही बसवायला सांगितलंच नाही. ब्राउझर चित्र मागताना कळवतो की मला वेबपी समजतो, न कळवणाऱ्याला सर्व्हर गुपचूप जेपेग देतो. २०१४ च्या आसपास एचटीएमएलमध्ये पिक्चर टॅग आला, त्याने साइटवाल्यांचीही सोय झाली. तरीसुद्धा फायरफॉक्सने वेबपी घेतला जानेवारी २०१९ मध्ये आणि सफारीने सप्टेंबर २०२० मध्ये. गूगलसारख्या बलाढ्य कंपनीला दहा वर्षं लागली! त्यामानाने एव्हीआयएफ लवकर सुटला, २०२० मध्ये क्रोम, २०२१ मध्ये फायरफॉक्स, २०२२ मध्ये सफारी.

मग प्रश्न सुटला म्हणायचा का? वेबवर बराचसा सुटला, फॉर्मवर अजून नाही. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी फॉरमॅटमध्ये काढतो. बँकेच्या परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म मागतो जेपीजी, वीस ते पन्नास केबी, त्यात सही वेगळी, दहा ते वीस केबी. सर्व्हरला हे रूपांतर चुटकीसरशी करता येईल. पण ते काम करतो परीक्षेला बसणारा मुलगा, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री. जमलं नाही तर सकाळी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे, पैसे देऊन. फॉर्म राहिला तर वर्ष गेलं. प्लगइन मेलं, पण त्यामागची वृत्ती अजून ठणठणीत आहे.

आपल्यापैकी कित्येकजण असले फॉर्म, अपलोडची पानं रोज लिहितात. पुढच्या वेळी 'फक्त जेपीजी चालेल' असा एरर मेसेज टाइप करताना एक मिनिट थांबा. तीच फाइल उघडून बदलून घ्यायला सर्व्हरवर किती ओळी लागतील, तेवढं मोजा. बहुतेक वेळा त्या मेसेजच्या भाषेवर जेवढी चर्चा होते, त्यापेक्षा कमी वेळ लागतो.