बादशाही कात्रणवही

कोऱ्या वहीच्या पानांवर प्रवासाची तिकिटे, वाळलेली पाने, मासिकांतून कापलेली चित्रे, एखाद्या मित्राच्या पत्रातील चार ओळी आणि त्यांच्याभोवती स्वतःच्या हाताने ओढलेले रंगाचे फराटे अशी नाना प्रकारची सामग्री एकत्र चिकटवावी आणि त्या अनपेक्षित शेजारातून आपल्याला काही नवे सुचते का ते पाहावे, असा जो छंद अलीकडे तरुण मंडळींत पसरला आहे, त्याला वडीलधारी माणसे पोरखेळ म्हणून मोडीत काढतात. तो पोरखेळ आहे हे मान्यच केले पाहिजे. परंतु चारशे वर्षांपूर्वी हाच पोरखेळ अलाहाबाद, आग्रा आणि लाहोर येथे सरकारी खजिन्यातून खर्च करून, पगारी चितारी, खुशनवीस म्हणजे सुलेखनकार, नक्षी काढणारे नक्काश आणि ग्रंथ बांधणारे जिल्दसाज यांच्या तैनातीत खेळला जात असे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. त्या खेळातून जी वही सिद्ध होई, तिला मुरक्का म्हणत.

मुरक्का ही मोगलांची निर्मिती नव्हे. इराणात ती प्रथा आधीच चांगली रुजली होती, आणि तेथील बादशहा शाह तहमास्प याचा भाऊ बहराम मिर्झा याच्यासाठी दोस्त मुहम्मद नावाच्या खुशनवीसाने १५४४-४५ च्या सुमारास जी वही जुळवली, ती आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपून ठेवलेली आहे. इराणी उस्तादांच्या हस्ताक्षरांबरोबर तीत चिनी चित्रेही आहेत. दोस्त मुहम्मदाने या वहीला एक प्रस्तावना जोडली आणि तीत पूर्वसूरी चित्रकारांची व लेखनकारांची परंपरा सांगितली. इराणी चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्या आधुनिक पंडितांना आजही त्या प्रस्तावनेचा आधार घ्यावा लागतो. एका कलेचा इतिहास कात्रणवहीच्या प्रस्तावनेत सापडावा, ही त्या वहीची थोरवी म्हणावी की इतिहासाची गंमत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ही वही तयार करण्याचे काम मात्र दिसते तितके सोपे नव्हते. कागदावर कागद खळीने चिकटवून प्रथम वसली, म्हणजे जाड पुठ्ठ्यासारखे पान, तयार करावयाचे. कसर लागू नये म्हणून परंपरागत कारागीर खळीत मोरचूद घालीत. वसली सुकली की अकीकाच्या घोट्याने ती इतकी घोटावयाची की पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत व्हावा. मग कोठल्या तरी जुन्या हस्तलिखितातून कापून काढलेले चित्र किंवा एखाद्या कीर्तिमान खुशनवीसाचे चार ओळींचे लेखन मधोमध बसवावयाचे, त्याच्याभोवती सोन्याच्या आणि रंगांच्या बारीक रेघांची चौकट आखावयाची, जेथे जागा रिकामी राहील तेथे दुसऱ्याच एखाद्या काव्यग्रंथातून कापलेल्या ओळींच्या पट्ट्या डकवावयाच्या, आणि सर्वांत शेवटी रुंद हाशियावर, म्हणजे पानाच्या कडेच्या पट्टीवर, वेलबुट्टी, पशुपक्षी किंवा माणसे रंगवावयाची. सोन्याचा वर्ख गोंदात खलून त्याची शाई करीत, आणि ती वाळली की पुन्हा घोटा फिरवून तिला चकाकी आणीत. एका पानावर चार-पाच जणांचे हात फिरत, आणि ते सगळे एकाच शतकातील असतील याचीही शाश्वती नसे. हेरातच्या मीर अलीचे लेखन जहांगीर आणि शाहजहान यांना प्राणाहून प्रिय. परंतु मीर अली वारला त्या वेळी जहांगीर जन्मालाही आला नव्हता. त्या मृत उस्तादाच्या ओळींभोवती आग्र्याचा जिवंत चितारी फुले काढी, आणि त्या फुलांचा ओळींतल्या अर्थाशी बहुधा काडीचाही संबंध नसे.

शाहजादा सलीम, म्हणजे भावी जहांगीर, याने बाप अकबर याच्याशी बिनसल्यावर १६०० च्या सुमारास अलाहाबादेस स्वतंत्र दरबार थाटला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा स्वतःचा चित्रकारखानाही होता. आणि ज्या वहीला पुढे ‘मुरक्का-इ-गुलशन’ हे नाव पडले, तिचे काम याच काळात सुरू होऊन तो तख्तनशीन झाल्यानंतरही काही वर्षे चालले. या वहीत काय नाही? इराणी उस्तादांची चित्रे आहेत, मीर अलीचे लेखन आहे, बापाच्या कारखान्यातील चिताऱ्यांची कामे आहेत, आणि युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ख्रिस्ती चित्रेही आहेत. ही शेवटची सामग्री तेथवर कशी पोचली, याचा माग काढू गेल्यास आपण थेट गोव्यात येऊन पोचतो. अकबराने १५७९ साली गोव्याच्या जेझुइट पाद्र्यांकडे वकील पाठवून धर्मचर्चेसाठी विद्वान मागवले, आणि १५८० मध्ये रुडोल्फ आक्वाविवा व त्यांचे दोन सहकारी फत्तेपूर सिक्रीस दाखल झाले. त्यांनी नजर केलेल्या वस्तूंत अँटवर्प येथे प्लांटिनच्या छापखान्यात सिद्ध झालेल्या बहुभाषी बायबलचे खंड होते, आणि त्या खंडांच्या शीर्षकपृष्ठांवर रूपकात्मक चित्रे कोरलेली होती. पाद्र्यांना बादशहाचे मन वळवावयाचे होते. ते काही साधले नाही, आणि आक्वाविवा गोव्यास परतल्यावर १५८३ साली कुंकळ्ळी येथे मारले गेले. पण त्यांच्यामागे जी चित्रे राहिली, ती मात्र मोगल चितारखान्यात भलत्याच रीतीने फळाला आली. सलीमच्या कारखान्यातील आका रिझाचा मुलगा अबुल हसन याने १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, आल्ब्रेख्त ड्यूररच्या मुद्राचित्रातील शोकमग्न संत जॉनची आकृती उतरवून घेतली. ते रेखाटन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे, आणि मुलाने त्यावर आपले वयही नमूद केलेले आहे.

मला स्वतःला या वह्यांत मधल्या चित्रापेक्षा हाशिया अधिक प्रिय वाटतो. मधले चित्र बादशहाच्या मर्जीने निवडलेले असे, आणि पुष्कळदा ते आधीच प्रसिद्धीला आलेले असे. चितारी मोकळा होई तो कडेला. गुलशन वहीच्या काही पानांच्या कडांवर ड्यूरर आणि इतर युरोपीय कोरीवकारांच्या चित्रांतून उचललेल्या आकृती फिकट सोनेरी वेलींमध्ये येऊन बसलेल्या आहेत, एकमेकींशी ओळख नसलेल्या पाहुण्यांसारख्या. त्याच काळातल्या अशा एका पानावर, जे आता वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहालयात आहे, हाशियावर चित्रकाराने ग्रंथ घडवणारी माणसेच काढली आहेत. एक जण घोट्याने कागद घोटतो आहे, दुसरा चामड्याच्या जिल्दीवर ठसा उमटवतो आहे, कोणी पानांच्या कडा कापून सारख्या करतो आहे, तर कोणी मांडीवर कागद घेऊन लिहीत बसला आहे. गुलशन वहीतच दौलत नावाच्या चिताऱ्याने जहांगीरच्या आज्ञेवरून एका हाशियावर आपल्या सोबत्यांच्या छबी रंगवल्या. त्यात अबुल हसन, मनोहर, बिशनदास आणि गोवर्धन हे चौघे आहेत, आणि पाचवा खुद्द दौलत आहे. दरबारी चित्रात ज्यांना उभे राहावयास जागा नव्हती, त्यांना कडेला ती मिळाली.

हा खेळ जहांगीर किती रसिकतेने खेळे, याची साक्ष इंग्रज वकील सर टॉमस रो याच्या रोजनिशीत मिळते. अजमेरच्या मुक्कामी १६१६ साली रोने बादशहाला एक लहानसे विलायती चित्र दाखवले आणि अशी नक्कल हिंदुस्थानात होणार नाही अशी बढाई मारली. काही दिवसांनी बादशहाने त्याला बोलावून एका फळीवर चिकटवलेली सहा चित्रे समोर ठेवली. पाच त्याच्या चिताऱ्याची, एक मूळचे. दिव्याच्या उजेडात आपले कोणते हे ओळखताना रोची त्रेधा उडाली, आणि जहांगीरला त्याचा फारच आनंद झाला. ज्या राजाने आपल्या आत्मवृत्तात अशी फुशारकी मारली आहे की, एकाने काढलेल्या चेहऱ्यात डोळे आणि भिवया दुसऱ्याने काढल्या असल्या तरी आपण दोघांची नावे सांगू शकतो, त्याला अशी खोडी सुचावी यात नवल ते काय!

दक्षिणेने या कामात वेगळीच भर घातली. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात कागद होई आणि त्याची ख्याती दूरवर होती. विजापूरच्या आदिलशाहीत सतराव्या शतकात अबरीची कला थेट चित्रातच उतरली. अबरी म्हणजे दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगत सोडून, त्यांची नागमोडी नक्षी कागदावर अलगद उचलून घेणे. एरवी हा कागद हाशियाला किंवा जिल्दीच्या आत वापरीत. विजापूरकरांनी चित्रातील जो भाग कोरा राखावयाचा तो झाकून ठेवून बाकीच्यावर ही नक्षी उचलली, आणि हडकुळ्या घोड्याचे अंग त्या लाटालाटांच्या रंगात असे भरून काढले की पाहणाऱ्याला कातडीखालच्या फासळ्या दिसाव्यात. पाण्यावर रंग कसा पसरेल हे कोणाच्याही हाती पुरते नसते. यदृच्छेला हाताशी धरून चित्र काढण्याची ही रीत मला तरी मोगलांच्या काटेकोर नजाकतीहून अधिक धीट वाटते.

पुढे शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याने आपली पत्नी नादिरा बानू बेगम हिला फुले, पक्षी आणि तरुण-तरुणींच्या चित्रांची एक वही भेट दिली; ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि वहीवरील दाराच्या हातचा अर्पणलेख नंतर कोणीतरी सोन्याच्या रंगाने झाकून टाकलेला आहे. दाराचा वध १६५९ साली झाला, हे ठाऊक असणाऱ्याला त्या सोन्याच्या थराविषयी अधिक सांगावयास नको.

ज्या कातरीने या वह्या घडवल्या, तिनेच त्या मोडल्याही. नादिरशाहने १७३९ साली दिल्ली लुटली, त्या लुटीत गुलशन वही गेली असे मानतात; तिचा मोठा भाग तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे, काही पाने बर्लिनला पोचली. युरोपात गेलेल्या चित्रांवरही हीच कातर चालली. रेम्ब्रांट या डच चित्रकाराने १६५६ नंतरच्या काही वर्षांत मोगल चित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली, आणि त्यांपैकी झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांच्या रेखाटनाशी जुळणारे चित्र आज व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात, मारिया थेरेसाच्या दालनात, शिसवी लाकडाच्या फळ्यांत बसवलेले आहे. त्या दालनासाठी पुष्कळ मोगल चित्रे कापून, त्यांचे तुकडे पुन्हा जुळवून भिंतीला लावली गेली. शाहजहानी काळच्या एका वहीची ५० पाने १९२९ साली स्कॉटलंडमधील जुन्या वस्तूंच्या दुकानात अल्प मोलात विकली गेली. त्यांतील ४१ आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि ९ फ्रीरमध्ये आहेत, आणि गंमत अशी की त्यांतील काही पाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत केलेल्या नकला आहेत. विद्वान मंडळी त्या नकलांना कमअस्सल लेखतात. मी तसे लेखणार नाही. नक्कल करणे, कापणे आणि शेजारी डकवणे हाच ज्या वहीचा धर्म, तीत दोनशे वर्षांनी आणखी एका चिताऱ्याने हात घातला, एवढेच घडले.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात मोगल आणि दख्खनी लघुचित्रांचा उत्तम संग्रह आहे. तेथे जाणाऱ्या वाचकांना माझी विनंती एवढीच, की मधल्या शाहजाद्याला मुजरा करून झाल्यावर लगेच पुढच्या काचेकडे सरकू नये. जेथे हाशिया शिल्लक असेल तेथे मान थोडी वाकवून, कडेला कोणी काय काढून ठेवले आहे तेही सावकाश पाहावे.