पैलतीर किती दूर?

१. ‘पाण्याला पैलतीरच नाही’ : गोसेखुर्द धरणाच्या (इंदिरासागर प्रकल्प, ता. पवनी, पायाभरणी १९८८) भिंतीवरून वैनगंगेचा जलाशय पाहून लेखकाने हे लिहिले आहे. ते शब्दशः घेऊ नये. पृथ्वी गोल असल्याने पाण्याची कड किती दूर दिसेल, हे डोळ्याच्या उंचीवर ठरते. पाण्यापासून डोळा जितके मीटर वर, त्या आकड्याचे वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणावे. अंतर किलोमीटरमध्ये मिळते. डोंग्यात बसलेल्या ढिवराचा डोळा पाण्याच्या जेमतेम मीटरभर वर, म्हणून त्याचे क्षितिज साडेतीन किलोमीटरवरच. काठाशी उभ्या माणसाला साडेचार, २० मीटर उंचीवरून १६. उंची चौपट केली तरी अंतर दुपटीनेच वाढते. हवेत प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे यात साधारण ८ टक्के भर पडते. मुंबईच्या चौपाटीवरही हिशेब हाच. समुद्राला वेगळी सवलत नाही.

पैलतीराचे गणित मात्र निराळे. तिथे ९ मीटर उंच मोहाचे झाड असेल, तर त्याचा शेंडा डोंग्यातून १४ किलोमीटरवरूनही दिसायला हवा; काठ आणि खोड तेवढे गोलाईआड. तेव्हा भिंतीवर उभ्या लेखकापासून समोरचा काठ लपवला तो गोलाईने नव्हे, धुक्याने. प्रसंग जानेवारीतल्या सकाळचा आहे. भंडारा शहराच्या दिशेने गेलेला फुगवटा नदीच्या वळणांमुळे तिथून सलग दिसत नाही.