धाकट्या शेणमाश्यांचे कुल : नामकरण आणि वर्गीकरण यांचा इतिहास

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास हा पुष्कळ अंशी नावांचा इतिहास असतो. वस्तू तीच राहते, परंतु तिचे नाव बदलते. आणि नाव बदलले की जुन्या ग्रंथातील माहिती नव्या अभ्यासकाच्या हाती लागणे दुरापास्त होते. द्विपंखी कीटकांतील ‘स्फेरोसेरिडी’ या कुलाचा गेल्या दोन शतकांचा वृत्तान्त या दृष्टीने उद्बोधक आहे.

या माश्या लहान, बहुधा काळ्या वा तपकिरी असून क्वचितच पाच मिलिमीटरांहून मोठ्या असतात. स्कॅथोफॅगिडी कुलातील पिवळ्या, मोठ्या शेणमाशीहून वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून इंग्रजीत त्यांना ‘धाकट्या’ शेणमाश्या म्हणतात. मागच्या पायाच्या टोकाशी असलेल्या पाच पेरांपैकी पहिले पेर आखूड व फुगीर असणे ही त्यांची खूण होय. तथापि कुलनामात या खुणेचा मागमूसही नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेय याने 1804 साली ‘स्फेरोसेरा’ हे वंशनाम योजले, ते ‘गोल’ आणि ‘शिंग’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून. त्यावरून सिद्ध झालेल्या कुलनामाचे जनकत्व माकार याच्या 1835 सालच्या ग्रंथाकडे जाते. म्हणजे नाव शिरावरून पडले आणि ओळख पायावरून ठरली.

दरम्यान जर्मन शास्त्रज्ञ मायगेन याने 1803 साली ‘बोर्बोरस’ असा वंश सांगितला होता. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ चिखल, घाण. त्यावरून बनलेले ‘बोर्बोरिडी’ हे नाव एकोणिसाव्या शतकात व पुढेही बराच काळ वापरात होते. परंतु याच मायगेनची 1800 सालची एक पुस्तिका विस्मृतीत गेली होती. 1908 साली हेंडेल याने ती पुन्हा उजेडात आणली आणि तीतील ‘सिप्सेला’ या नावाचा अग्रक्रमाचा हक्क उभा राहिला. त्यातून ‘सिप्सेलिडी’ हे तिसरे कुलनाम प्रचारात आले. मौज अशी, की हेच नाव पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत पाकोळीच्या कुलासही दिलेले होते. एकाच नावाने पाकोळी आणि शेणमाशी या दोहोंचा निर्देश होऊ लागल्यावर नावाचे प्रयोजनच नष्ट होते. काही अभ्यासकांनी 1800 ची नावे स्वीकारली, काहींनी नाकारली. हे द्वैत आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने 1963 साली संपवले : मत क्रमांक 678 अन्वये ती पुस्तिका नामकरणापुरती रद्द ठरली. अग्रक्रमाच्या तत्त्वापेक्षा रूढीस अधिक मान देणारा हा निर्णय होता. तत्पूर्वीच, 1930 साली, रिचर्ड्‌स याने ब्रिटनमधील जातींवरील आपल्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘स्फेरोसेरिडी’ हे नाव घेऊन ‘बोर्बोरिडी’ कंसात ठेवले होते.

कुलनामाचा प्रश्न मिटला तरी वंशांचा प्रश्न उरला. माकारने 1835 साली स्थापलेला ‘लिमोसिना’ (लॅटिन ‘चिखलट’) हा वंश उत्तरोत्तर असा फुगत गेला, की जी जाती अन्यत्र बसेना ती तेथे टाकावी. डूडा याने 1918 पासून त्याची सविस्तर तपासणी केली. परंतु निर्णायक काम चेक शास्त्रज्ञ रोहाचेक याचे. 1982 ते 1985 या काळात, नर व मादी यांच्या जननेंद्रियांच्या रचनेवर भर देऊन, त्याने युरोपातील ‘लिमोसिना’ची अनेक वंशांत फोड केली. ‘मिनिलिमोसिना’, ‘पुलिमोसिना’, ‘ओपालिमोसिना’ ही त्याची नवी नावे सामासिक आहेत : उत्तरपदी जुने नाव जसेच्या तसे किंवा थोड्या संक्षेपाने राहिले आणि पूर्वपदाने भेद दाखवला. घराणे विभागले, पण आडनाव टिकले.

नाव अर्थवाहक मानल्याने होणाऱ्या घोटाळ्याचेही एक उदाहरण या कुलात आहे. ‘थोराकोकीटा झॉस्टेरी’ या जातीचे नाव समुद्रगवतावरून पडले असून ती किनाऱ्यावरील कुजक्या समुद्रशैवालात आढळते. इंग्लंडमध्ये समुद्रापासून दूर असलेल्या मध्ययुगीन शौचकूपांत तिचे कोश सापडले, तेव्हा तेथे समुद्रशैवाल नेले जात होते काय, असा प्रश्न पडला. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या कार्बन व नायट्रोजन यांच्या समस्थानिकांच्या परीक्षणाने असे दाखवले, की या माश्यांचे पोषण शौचकूपातील द्रव्यावरच झाले होते.

किंबहुना सर्व कुलाविषयी हेच म्हणता येईल. मराठीत शेण, लीद व लेंडी हे भेद आहेत. परंतु यांतील कोणताही शब्द या माश्यांच्या समग्र जीवनास पुरत नाही. पालापाचोळा, कवके, गुहा येथेही त्या राहतात. केर्गेलेन बेटावर ईटन यास सापडलेली, 1875 साली वर्णिलेली ‘अनाटलांटा ॲप्टेरा’ ही जाती तर पंखहीन आहे. म्हणजे तिला ‘माशी’ म्हणणेही ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल.

2001 साली या कुलाची जागतिक सूची प्रसिद्ध झाली; 2010 पर्यंतच्या पुरवणीनंतर ज्ञात जातींची संख्या दीड हजारांवर गेली असून त्या पाच उपकुलांत विभागल्या आहेत. अशा सूचीत प्रत्येक ग्राह्य नावाखाली त्याची टाकून दिलेली नावेही नोंदवावी लागतात. ती निरर्थक अडगळ नव्हे. ‘बोर्बोरिडी’ वा ‘सिप्सेलिडी’ या मथळ्याखाली पूर्वसूरींनी नोंदवलेली निरीक्षणे आजच्या अभ्यासकास सापडतात ती त्याच नावांच्या आधारे.